परसातील मिरची आणि घरचे बी

(काणकोण तालुक्यातील एका गावी पावसाळ्याच्या तोंडावर भरलेल्या ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



पावसाळा तोंडावर आला आहे. घरोघरी पुरुमेंताची तयारी चालू आहे. सुकी मासळी, आमसुले, कांदे, मिरच्या यांची बेगमी होत आहे. अशा घाईच्या दिवसांत हातातील कामे बाजूस ठेवून आपण येथे आलात, याबद्दल मी आपला आभारी आहे.

प्रारंभीच एक गोष्ट कबूल करतो. मी कृषितज्ज्ञ नव्हे. कला शाखेचा पदवीधर असून प्रसिद्धीचे काम करतो. तज्ज्ञांनी सांगितलेले लोकांपर्यंत पोहोचवावे आणि लोकांचे म्हणणे कचेरीपर्यंत न्यावे, एवढाच माझा अधिकार. परंतु मिरची हा विषय असा आहे की, त्यात पुस्तकी ज्ञानाइतकाच परसातील अनुभव मोलाचा ठरतो, आणि त्या अनुभवाच्या बाबतीत या सभेतील कित्येक भगिनी माझ्या गुरुस्थानी आहेत. माझे काही चुकले तर त्यांनी मला येथेच सांगावे.

मला आज दोन गोष्टी मांडावयाच्या आहेत. घराच्या परसात मिरची नीट कशी वाढवावी, ही पहिली. त्या मिरचीचे बी घरी शुद्ध कसे राखावे, ही दुसरी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पीक एखाद्या वर्षी बुडाले तर पुढच्या वर्षी पुन्हा घेता येते. बी बुडाले तर ते बाजारात विकत मिळत नाही.

पाहुणी घरची झाली

मिरची ही मूळची आपल्या देशाची नव्हे. तिचे माहेर अमेरिका खंडात, मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात आहे. १४९२ मध्ये कोलंबस त्या खंडाच्या बेटांवर पोहोचला, त्यानंतर ती युरोपीय लोकांना ठाऊक झाली. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले आणि सोळाव्या शतकात त्यांच्या व्यापारी गलबतांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्यापूर्वी आपल्या स्वयंपाकात तिखटपणासाठी मिरी वापरीत. नव्या फळाला नाव देताना लोकांनी जुन्या मिऱ्याचीच आठवण ठेवली. मराठीत ती मिरची झाली आणि कोंकणीत मिरसांग, म्हणजे मिऱ्याची शेंग झाली.

गेल्या सुमारे पाचशे वर्षांत या पाहुणीने येथील मातीशी, पावसाशी आणि चुलीशी असे नाते जोडले की, आज ती परकी होती हे सांगूनही पटत नाही. हुमणाचा रंग, रेशाद मसाला, लोणचे आणि पापड यांची कल्पना तिच्यावाचून करता येत नाही. हे नाते कोणी जोडले? कोणत्याही सरकारी फर्मानाने ते जोडले नाही. दर वर्षी चांगल्या झाडाची चांगली फळे बाजूस काढून, त्यांचे बी पुढच्या मृगापर्यंत जपून ठेवणाऱ्या हातांनी ते जोडले. एकेका गावाची वेगळी मिरची अशीच घडली.

आपल्या तालुक्यातील खोला गावची मिरची हे याचे उत्तम उदाहरण होय. काब द रामच्या किल्ल्याच्या परिसरातील डोंगरउतारांवर पावसाच्या पाण्यावर ती पिकते. तिचा गडद लाल रंग आणि बेताचा तिखटपणा यांमुळे तिला मागणी असते, आणि तिच्या लागवडीत व वाळवणीत स्त्रियांच्या श्रमांचा वाटा फार मोठा आहे. २०१९-२० या वर्षात या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे पेडणे तालुक्यातील हरमलच्या मिरचीलाही तो मान लाभला.

मानांकनाचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. १९९९ च्या कायद्यानुसार होणारी ही नोंद नावाचे रक्षण करते. ठरलेल्या प्रदेशाबाहेर पिकलेली मिरची त्या नावाने विकता येत नाही. नोंदीची मुदत दहा वर्षांची असते आणि ती पुन्हा वाढवून घेता येते. परंतु नोंदवहीतील नाव बियाचे रक्षण करू शकत नाही. ते काम परसातच होते.

जागा आणि माती

मिरचीला दिवसातून किमान सहा तास ऊन लागते. माडांच्या किंवा फणसाच्या दाट सावलीत झाड उंच वाढते, पण फळ धरीत नाही. जागा निवडताना दुसरी पाहावयाची गोष्ट म्हणजे पाण्याचा निचरा. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो आणि मिरचीच्या मुळांना तुंबलेले पाणी एक दिवसही सोसत नाही. खोल्याची मिरची डोंगरउतारावर वाढते, यातील मर्म हेच आहे. परस सपाट असेल तर वीतभर उंचीचे गादीवाफे किंवा सरी-वरंबे करावेत. उतार असेल तर वरंबे उताराला आडवे घालावेत, म्हणजे पाणी निघून जाईल आणि माती मात्र राहील.

आपली जांभ्याची माती बहुधा आम्लधर्मी असते. ती तपासून घ्यावी आणि आम्लता अधिक आढळल्यास लागवडीपूर्वी दोन-तीन आठवडे दर चौरस मीटरला १०० ते १५० ग्रॅम भुकटी चुना मिसळावा. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नयेत, कारण त्यामुळे खतातील नत्र वायुरूपाने उडून जाते. चुना आधी घालावा आणि खत लागवडीच्या वेळी द्यावे. दहा चौरस मीटरच्या वाफ्याला चांगले कुजलेले शेणखत २० ते २५ किलो पुरते. ताजे शेण कधीही घालू नये.

दोन रांगांत ६० सेंटिमीटर आणि दोन झाडांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एवढ्या जागेत सुमारे ३५ झाडे बसतात. ज्यांना परस नाही, जे सरकारी निवासात किंवा शहरातील सदनिकेत राहतात, त्यांनी बारा इंची कुंडीत एक याप्रमाणे झाडे लावावीत. दोन भाग माती, एक भाग शेणखत आणि एक भाग वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा, असे मिश्रण कुंडीला मानवते. कुंडीच्या बुडाशी भोके असलीच पाहिजेत.

रोप तयार करणे

मिरचीचे बी एकदम जागेवर टाकू नये. आधी रोप करावे. पस्तीस झाडांसाठी एक मीटर लांब व अर्धा मीटर रुंद वाफा आणि साठ-सत्तर बिया पुरेशा आहेत. वाफा वीतभर उंच असावा व त्यावर पावसाची झड येणार नाही असा आडोसा करावा. पूर्वी आपल्याकडे रोपाची जागा पालापाचोळा जाळून भाजीत असत. त्यात तणाचे बी आणि किडे मरत हे खरे, परंतु मातीतील कसही जळे. त्याऐवजी एप्रिल-मेच्या कडक उन्हात ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद चारी कडा मातीने दाबून तीन-चार आठवडे पसरून ठेवावा. उन्हाच्या तापाने तेच काम धुराविना होते.

पाच ते सात सेंटिमीटर अंतरावर रेघा ओढून बी एक सेंटिमीटर खोल पेरावे, मातीने झाकावे आणि वर पेंढ्याचा पातळ थर द्यावा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसू लागताच पेंढा काढून टाकावा. हे काम एक दिवस जरी लांबले तरी रोपे पिवळी व लांबट होतात. पाणी सकाळी, झारीने आणि बेताने द्यावे.

या अवस्थेत मोठे भय असते ते रोपे बुंध्याशी कुजून कोलमडण्याचे. दाट पेरणी आणि अति ओल ही त्याची कारणे होत. रोपे विरळ ठेवावीत आणि रोग दिसताच एक टक्का बोर्डो मिश्रण वाफ्यात ओतावे. पोफळीवर फवारण्यासाठी आपण करतो तेच हे मिश्रण. एक लिटर पाण्यास १० ग्रॅम मोरचूद व १० ग्रॅम चुना हे त्याचे प्रमाण. मोरचूद व चुना निरनिराळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावेत. लोखंडी भांडे वापरू नये.

लागवड आणि निगा

पस्तीस-चाळीस दिवसांत रोप वीतभर होते व त्याला पाच-सहा पाने येतात. तेव्हा ते सायंकाळी किंवा ढगाळ दिवशी हलवावे. मेअखेरीस पेरलेले रोप जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावणीस येते. झाड वाऱ्याने हलू नये म्हणून काठीचा आधार द्यावा. तण वेळीच काढावे, पण खोल खणू नये, कारण मिरचीची बरीच मुळे वरच्या थरात असतात. बुंध्याभोवती सुक्या पाल्याचे आच्छादन घातल्यास पावसाचा मारा मातीवर बसत नाही आणि पुढे ऑक्टोबरच्या उन्हात ओलही टिकते. पाऊस संपल्यावर मात्र पाणी द्यावे लागते. माती हाताला कोरडी लागली की द्यावे, रोज उगाच देऊ नये.

पुष्कळदा गृहिणी विचारतात, झाड हिरवेगार आहे, पण फूल गळते, असे का? याची कारणे तीन संभवतात. पहिले, नत्रयुक्त खत जास्त झाले असेल. झाडाला पाने वाढविण्याचीच सवय लागते. दुसरे, ताण पडून मग एकदम भरपूर पाणी मिळाले असेल. तिसरे, उष्णता फार असेल. पारा ३५ अंशांच्या वर गेला की फूल टिकत नाही. यांतील पहिली दोन कारणे आपल्या हातची आहेत.

रोग आणि कीड

मिरचीची पाने चुरडली की आपण त्याला एकच नाव देतो, बोकड्या. वस्तुतः त्याची कारणे निरनिराळी आहेत आणि पान नीट पाहिले तर ती ओळखता येतात. पानाच्या कडा वरच्या बाजूस वळून ते होडीसारखे दिसू लागले तर ते फुलकिड्यांचे काम समजावे. कडा खालच्या बाजूस वळल्या आणि पान अरुंद झाले तर तो कोळी. पाने बारीक होऊन झाड खुजे राहिले व पानांखाली पांढरी माशी दिसली, तर तो विषाणू असण्याचा संभव असतो. पहिल्या दोन्हींवर निंबोळी अर्काचा उपयोग होतो. ५० ग्रॅम निंबोळीचे चूर्ण एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावे, त्यात थोडे साबणाचे पाणी घालावे आणि सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूस फवारावे. कीड असेपर्यंत आठवड्याने फवारणी पुन्हा करावी. विषाणूवर मात्र औषध नाही. असे झाड दयामाया न दाखविता उपटून पुरून टाकावे, नाहीतर पांढरी माशी ते दुखणे सगळ्या वाफ्यात नेते.

हिरवेगार झाड एकाएकी माना टाकून मेले, तर बुंध्याचा बोटभर तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरावा. कापल्या जागेतून दुधासारखी धार पाण्यात उतरू लागली तर तो जिवाणूंमुळे होणारा मर रोग होय. शिक्षकांनी हा प्रयोग मुलांना अवश्य दाखवावा. या रोगाचे जिवाणू मातीत राहतात आणि वांगी व टोमॅटो यांनाही तो होतो. म्हणून जेथे ही पिके होती तेथे लगेच मिरची लावू नये. दोन-तीन वर्षे अळसांद्यासारखे वेगळे पीक घेऊन मग मिरचीकडे वळावे.

तोडणी आणि वाळवण

वाळवणाची मिरची झाडावर पूर्ण लाल होऊ द्यावी. अर्धवट पिकलेली मिरची वाळल्यावर पांढुरकी पडते. ती जमिनीवर न वाळविता स्वच्छ चटईवर किंवा ताडपत्रीवर वाळवावी, आणि सायंकाळी दव पडण्याआधी झाकावी. हलविल्यावर आत बियांचा खुळखुळ आवाज आला आणि देठ कडक झाला म्हणजे ती साठवणीस योग्य झाली. ओलसर राहिलेल्या मिरचीला आतून बुरशी धरते, आणि तशा बुरशीपासून विषारी द्रव्य तयार होऊ शकते. बुरशी आलेली मिरची निवडून, पुसून वापरण्याचा मोह टाळावा. ती फेकून द्यावी.

तिखटपणा बियांत असतो अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. आत बिया ज्या फिकट पडद्याला चिकटलेल्या असतात, त्यात तो तयार होतो. बियांना तो केवळ सहवासाने लागतो. आणखी एक गंमत आहे. हा तिखटपणा आपल्याला आणि गुराढोरांना झोंबतो, पण पक्ष्यांना जाणवत नाही. म्हणूनच बुलबुल लाल मिरच्या खुशाल खातो. रानात मिरचीचे बी दूर नेऊन टाकणारे पक्षीच होत.

बी कसे धरावे

आता मी दुसऱ्या गोष्टीकडे वळतो आणि त्यासाठी घरचा एक अनुभव सांगतो.

आमच्या घरी माझी आई दर वर्षी परसात याच भागातील जुनी मिरची लावी. बी ती स्वतः धरी आणि राखेत मिसळून बाटलीत ठेवी. काही वर्षांपूर्वी मी हौसेने बाजारातून संकरित मिरचीची रोपे आणली आणि आईच्या वाफ्याला लागूनच लावली. त्या वर्षी दोन्ही मिरच्या उत्तम आल्या. मला वाटले, आपण सुधारणा केली. पुढच्या वर्षी आईने नेहमीप्रमाणे घरचे बी पेरले, तर निम्मी झाडे अनोळखी. कोणाची फळे लांब, कोणाची आखूड, कोणाचा रंग फिका. तिसऱ्या वर्षी तर वाफ्यात आईची म्हणावी अशी मिरची उरलीच नाही. आई मला काही बोलली नाही. मिरच्या वाळत घालताना तिने एक फळ मोडून हुंगले आणि बाजूस ठेवले, एवढेच.

चूक माझी होती आणि ती अज्ञानातून झाली होती. मिरचीचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, परंतु मधमाश्या व इतर कीटक एका जातीचा पराग दुसरीवर नेतात आणि संकर होतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तिखट मिरचीशेजारी ढोबळी मिरची लावली तर त्याच वर्षी तिखट मिरची सपक होते, असे म्हणतात. तसे होत नाही. फळ आईच्या झाडाचेच असते. बदलते ते फळातील बी, आणि तो बदल पुढच्या वर्षी दिसतो. म्हणूनच हे नुकसान वेळीच ध्यानात येत नाही. संकरित वाणाचे बी घरी धरून पेरले तरी पहिल्यासारखे पीक येत नाही, हेही ध्यानात असावे. संकरित वाण वाईट असे मी म्हणत नाही. ज्यांना बाजारासाठी भरपूर हिरवी मिरची पिकवावयाची आहे, त्यांना ते उपयोगी आहेत. परंतु जेथे जुने बी जपावयाचे आहे तेथे त्यांचा शेजार नको.

शुद्ध बी राखण्यासाठी प्रमाणित बियाण्याच्या नियमांत मिरचीच्या दोन जातींत २०० मीटर अंतर ठरविले आहे. आपल्या वाड्यांवर घराला घर लागून असते. एवढे अंतर कोठून आणावे? त्यावर साधा उपाय आहे. निरोगी, नमुनेदार झाडे निवडून त्यांच्या एकेका फांदीवर, कळ्या उमलण्यापूर्वी, मलमलीच्या कापडाची पिशवी बांधावी. सकाळी फांदी हलकेच हलवावी, म्हणजे पराग झडून फळ धरते. फळ धरले की पिशवी काढावी आणि त्या फळाच्या देठाला रंगीत दोरा बांधावा. दोऱ्याची फळे स्वयंपाकघरात जाऊ द्यावयाची नाहीत, एवढे घरात सर्वांना बजावून ठेवावे.

बियांसाठी एकच झाड धरू नये. कितीही चांगले असले तरी एका झाडात सगळ्या जातीचे गुण नसतात. दहा-वीस झाडांवरून दोन-दोन फळे घ्यावीत. रोगट झाडाचे फळ घेऊ नये. फळे पूर्ण लाल झाल्यावर तोडून बी काढावे, विरळ सावलीत वाळवावे आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत कोरड्या राखेबरोबर ठेवावे. बाटलीवर गाव, वाडा आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. आपल्या दमट हवेत बियांची उगवणशक्ती लवकर घटते. म्हणून शक्यतो दर वर्षी नवे बी धरावे. पेरणीपूर्वी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. पंधरा-सोळा उगवल्या तर बी चांगले समजावे.

एक वाडा, एक बी

माझ्या आईच्या मिरचीचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. आमच्या शेजारच्या वाड्यावर एक काकी राहतात. त्यांच्याकडे गेलो असता त्यांच्या परसात मला तीच जुनी मिरची दिसली. मी बी मागितले. त्या आत गेल्या, एक लहान बाटली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे तुझ्या आईनेच मला दिले होते. माझ्या लग्नानंतरचा पहिला पावसाळा होता. तिचे तिला नेऊन दे."

बंधुभगिनींनो, त्या बाटलीने मला जे शिकविले ते कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नाही. आईने एकटीने बी राखले असते तर ते माझ्या हौसेपायी संपले असते. तिने ते वाटले होते, म्हणून ते उरले. बी जेवढ्या घरांत असते तेवढे ते सुरक्षित असते.

यावरून माझी एक सूचना आहे. प्रत्येक वाड्याने या पावसाळ्यात ठरवावे की, आमच्या वाड्यावर एकच जुनी मिरची लावू. दुसरी लावावयाची झाल्यास ती दूरच्या शेतात लावू. वाड्यावरील सर्वांनी एकच जात लावली, तर मधमाश्यांनी कितीही परागवहन केले तरी जात तीच राहते. पिशव्या बांधण्याचाही व्याप उरत नाही. दिवाळीनंतर किमान तीन घरांनी बी धरावे आणि एकमेकींना द्यावे. यासाठी अनुदान लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा हक्क मान्य केलेला आहे. संरक्षित वाणाचे बी छाप मारून विकता येत नाही, एवढीच मर्यादा आहे.

शाळा आणि कचेरी

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. शाळेच्या आवारात एक वाफा गावच्या मिरचीचा असावा. मुलांनी घरून बी आणावे, ते कोणत्या घरून आणि कोणत्या वाड्यावरून आले याची वही ठेवावी, आणि आजीला विचारून त्यात चार ओळी लिहाव्यात. उगवण, फूल, फळ यांच्या तारखा नोंदवाव्यात. विज्ञान, गणित आणि मराठी हे तीनही विषय त्या वाफ्यात शिकविता येतील. मुलांनी मिरची हाताळल्यावर हात आधी खोबरेलाने चोळून मग साबणाने धुवावेत. तोंडाला झोंबल्यास पाण्यापेक्षा दुधाचा घोट बरा.

आता थोडे आम्हा सरकारी नोकरांविषयी. मानांकन मिळाले तेव्हा त्याची बातमी आम्ही प्रसिद्ध केली, छायाचित्रे घेतली, अभिनंदनाचे मजकूर लिहिले. ते योग्यच होते. परंतु छायाचित्रातील टोपलीतली मिरची कोणाच्या बाटलीतील बियांतून आली, हे विचारावयास आमच्यापैकी फारच थोडे गेले. मी स्वतः गेलो नव्हतो. जेथे जुनी जात जपावयाची आहे त्या गावात बियाणे वाटताना ते कोठे लावले जाईल याची चौकशी झाली पाहिजे, एवढा विवेक आपण सर्व कर्मचाऱ्यांनी बाळगावा. तांत्रिक सल्ल्यासाठी विभागीय कृषी कार्यालय आहे, दक्षिण गोव्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि जुने गोवे येथील एला गावी भारतीय कृषी संशोधन परिषदेची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. त्यांच्याकडे जाताना रोगट झाडाची फांदी किंवा मूठभर माती सोबत न्यावी. नुसत्या वर्णनाने निदान होत नाही.

मी फार वेळ घेतला. एकच सांगून थांबतो. आमच्या घरी काकींच्या बियांची मिरची गेल्या पावसाळ्यात पुन्हा उभी राहिली. संकरित रोपांना मी आता कुंडीतही जागा देत नाही. आईने त्या मिरच्यांतील पहिली दहा फळे दोरा बांधून ठेवली, आणि त्यांच्या बियांच्या तीन बाटल्या केल्या. एक घरी आहे, एक काकींकडे परत गेली. तिसरी मी आज येथे आणली आहे. सभा संपल्यावर ज्या भगिनींना हवे असेल त्यांनी वीस-वीस बिया घेऊन जाव्यात. अट एकच. पुढच्या वर्षी त्यांनी त्या आणखी दोन घरांना द्याव्यात.